पाखरांचे सोबती : डॉ. सलीम अली

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी अमरावतीला राहत असाल, तर वडाळी तलाव किंवा छत्री तलाव तुम्ही पाहिलाच असेल. कोणी अकोल्याचे असाल, तर तुमच्या घरी नळाला येणारे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते, हे तुम्हांला माहीत असेल. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर अशा एखाद्या जलाशयाच्या काठी जाऊन बसा. पाण्यात काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी पोहताना दिसतील. त्यांना मराठीत वारकरी म्हणतात. काठावरच्या चिखलात बगळे ध्यान लावून उभे असतील. जवळ गेलात की टिटवी ओरडून साऱ्यांना सावध करील. नशीब चांगले असेल तर नारिंगी रंगाच्या बदकांची जोडीही दिसेल. मराठीत तिला चक्रवाक म्हणतात. उर्दूत तुम्ही याच पक्ष्याला सुर्खाब म्हणता. एखादा फार तोरा मिरवू लागला की त्याला काय सुर्खाबाचे पर लागले आहेत, असे आपण विचारतो ना? तोच हा सुर्खाब! तो उन्हाळ्यात हिमालयापलीकडच्या थंड प्रदेशात राहतो आणि हिवाळ्यात आपल्या वऱ्हाडात पाहुणा म्हणून येतो.

हे पाहुणे कोठून येतात, काय खातात, घरटे कसे बांधतात, हे आज आपल्याला पुस्तकात वाचायला मिळते. शंभर वर्षांपूर्वी ही माहिती फार थोड्या लोकांना होती. ती गोळा करण्यासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य खर्च केले. त्यांचे नाव डॉ. सलीम अली. त्यांचीच हकिकत आज आपण वाचणार आहोत.

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असतानाच वडील वारले. तीन वर्षांचे झाले तेव्हा आई झीनतुन्निसाही गेल्या. आईचा चेहराही ज्याला नीट आठवू नये, अशा वयात हा मुलगा पोरका झाला. परंतु मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना पोटाशी धरले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. गिरगावातील खेतवाडीच्या त्यांच्या घरात मुले मायेने वाढली.

अमीरुद्दीन मामांना शिकारीचा शौक होता. घरात बंदुकांच्या आणि शिकारीच्या गोष्टी चालत. लहान सलीमलाही एक छर्ऱ्याची बंदूक मिळाली. ती घेऊन तो चिमण्या टिपत फिरे. मोठेपणी आपण नामांकित शिकारी व्हावे, असे त्याला वाटे.

सलीम दहा-बारा वर्षांचा असेल. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो काय, तिच्या गळ्यावर पिवळा डाग! हळदीचे बोट लावावे तसा. घराच्या वळचणीला राहणाऱ्या चिमण्यांना असा डाग नसतो. ही कोणती चिमणी? आणि ही खाणे आपल्याला जायज आहे की नाही? सलीमला शंका आली. तो ती चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही तिचे नाव सांगता येईना. परंतु ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. पशुपक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करणारी ही संस्था १८८३ साली स्थापन झाली होती. मामांनी सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब यांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि सलीमला तिकडे पाठवले.

विचार करा, तो काळ इंग्रजांच्या राज्याचा. एवढ्या मोठ्या साहेबाच्या कचेरीत, हातात मेलेली चिमणी घेऊन एक शाळकरी पोर उभे होते. त्याची छाती किती धडधडली असेल! पण मिलार्ड साहेब भला माणूस. त्यांनी मुलाला हाकलले नाही. चिमणी हातात घेऊन पाहिली आणि ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, असे सांगितले. मग त्यांनी एकामागून एक कपाटे उघडली. आत पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी होते. सलीम डोळे विस्फारून पाहतच राहिला. आपल्या देशात इतक्या जातींचे पक्षी आहेत, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले. त्या एका चिमणीने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली.

मित्रांनो, यावरून असे समजू नका की सलीम शाळेत पहिला येत असे. गणिताशी त्याचे कधी जमले नाही. तेराव्या वर्षी त्याला डोकेदुखीचा आजार जडला. कोरड्या हवेसाठी त्याला सिंध प्रांतात नातेवाइकांकडे पाठवावे लागले. शाळा वरचेवर बुडाली. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा पास झाला. कॉलेजातही मन रमले नाही. ते सोडून तो ब्रह्मदेशातील तवॉय येथे भावाच्या धंद्यात मदतीला गेला. तिथे खाणकाम आणि लाकडाचा व्यवसाय होता. पण सलीमचे लक्ष हिशेबाच्या वहीपेक्षा भोवतालच्या रानातील पाखरांकडेच अधिक! धंदा चालला नाही. १९१७ साली ते मुंबईला परतले. पुढील वर्षी तहमीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आता पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती. परंतु सलीम अलींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. ती नोकरी त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते मार्गदर्शक व्याख्याता झाले. येणाऱ्या लोकांना प्राण्यांची माहिती सांगण्याचे ते काम होते. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेसमान नावाच्या थोर पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. एव्हाना ते तिशी ओलांडून गेले होते. शिकायला वयाची लाज वाटू नये, हे त्यांनी आपल्या वागण्याने दाखवून दिले.

१९३० साली मोठ्या उमेदीने ते परत आले. पाहतात तो म्युझियममधील त्यांची जागाच पैशाअभावी बंद झालेली! ज्ञान होते, पण नोकरी नव्हती. दुसरा एखादा निराश होऊन बसला असता. सलीम अली पत्नीला घेऊन अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहायला गेले. तेथे झाडांवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती.

सुगरण म्हणजे तुमच्या उर्दू पुस्तकातला बया. विहिरीवरच्या बाभळीला किंवा शिंदीच्या झाडाला लोंबणारी त्याची घरटी तुम्ही खेड्यात पाहिली असतील. त्यांतील काही घरटी पुरी असतात, काही अर्धवट सोडलेली. ती अर्धवट का राहतात? लोक निरनिराळे तर्क करीत. सलीम अली तर्क करीत बसले नाहीत. आडोशाला बसून ते दिवसच्या दिवस पाहत राहिले आणि पाहिलेले टिपून ठेवीत राहिले. तेव्हा त्यांना कळले, की घरटे विणण्याचे काम नर करतो. अर्धे घरटे तयार झाले की माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडले तर ती तेथे राहते आणि मग नर ते पुरे करतो. पसंत पडले नाही तर घरटे तसेच राहते. एक मादी अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसरी मादी आणतो. ही माहिती तोवर कोणी इतक्या बारकाईने लिहिलेली नव्हती. बेकारीच्या दिवसांत, पदवी नसलेल्या या माणसाने लावलेला हा शोध जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाखाणला.

त्यानंतर त्यांनी एक योजना आखली. त्या काळी देशात अनेक संस्थाने होती. सलीम अलींनी संस्थानांना कळवले, की तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी मी करतो. मला पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. अशा प्रकारे त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा अनेक संस्थानांची राने पालथी घातली. हैदराबाद संस्थानाची हद्द पैनगंगेपाशी आपल्या वऱ्हाडाला भिडलेली होती. कधी बैलगाडी, कधी पायी, रात्री तंबूत मुक्काम, असा तो प्रवास असे. तहमीना यांनी शहरातील सुख सोडून पतीबरोबर रानावनात संसार केला. पण १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अचानक निधन झाले. सलीम अलींवर दुःखाचा डोंगर कोसळला. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कामू आणि मेहुणे हसन यांनी त्यांना आपल्या घरी नेले. हळूहळू ते सावरले आणि पुन्हा दुर्बीण गळ्यात घालून निघाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाने हजारो सामान्य लोकांना पक्ष्यांची नावे शिकवली.

आता एका तलावाची गोष्ट ऐका. राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव नावाचा सखल, पाणथळ प्रदेश आहे. पाणथळ म्हणजे जेथे उथळ पाणी साचून राहते अशी जमीन. पावसाळ्यात बांधाचे पाणी येथे पसरते. पाण्यात कमळे आणि शेवाळ वाढते, काठाला लव्हाळा उगवतो, मधूनमधून बाभळीची झाडे उभी असतात. त्या बाभळींवर करकोचे, बगळे, पाणकावळे हजारोंनी घरटी करतात. त्यांची विष्ठा पाण्यात पडते. तिच्यामुळे पाण्यातील वनस्पती आणि किडे वाढतात. त्यांवर मासे पोसतात आणि ते मासे पुन्हा पिलांच्या चोचीत जातात. असे हे निसर्गाचे चक्र आहे. शिवाय पाणथळ जागा पुराचे पाणी अडवते, गाळ धरून ठेवते आणि भोवतालच्या विहिरींना झरे पुरवते.

भरतपूरचे महाराज मात्र ही जागा शिकारीसाठी राखून होते. व्हाइसरॉय आणि बडे पाहुणे येत आणि बंदुकांचे बार उडत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तेथील एका शिळेवर हा आकडा कोरलेला आहे. योगायोग पाहा, त्याच दिवशी सलीम अली यांना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती.

देश स्वतंत्र झाल्यावर दुसरेच संकट आले. पाणी काढून टाकून ही जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी होऊ लागली. मागणी करणारे गरीब शेतकरी होते. त्यांची गरजही खरी होती. परंतु एकदा पाणथळ मोडली की ती पुन्हा उभी करता येत नाही, हे सलीम अली जाणून होते. त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याकडे धाव घेतली. जागा वाचली आणि १९५६ साली तेथे अभयारण्य झाले. शिकार मात्र १९७२ पर्यंत पूर्णपणे थांबली नाही. १९८१ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत केवलादेवचे नाव आले. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारसा ठरले.

याच भरतपूरला सलीम अलींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो पक्षी जाळ्यात पकडले, त्यांच्या पायांत क्रमांकाची हलकी कडी घातली आणि त्यांना सोडून दिले. त्यांतील काही कडी पुढे दूर रशियात सापडली. अशा रीतीने पाहुण्या बदकांचा गाव कोणता, हे कळू लागले.

मित्रांनो, या गोष्टीचा आणखी एक भाग आहे. तो लपवून ठेवणे योग्य नाही. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तेथे गुरे चारायला बंदी झाली. सलीम अलींचे मतही बंदीच्या बाजूचे होते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे म्हशी चारणारे गावकरी संतापले. नोव्हेंबर १९८२ मध्ये पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे काय झाले? म्हशी चरेनाशा झाल्या, तसे पाण्यातील गवत बेसुमार माजले. उघडे पाणी झाकले गेले. बदकांना पोहायला जागा उरेना. ही गोष्ट शोधून काढली ती सलीम अलींच्याच सोसायटीतील संशोधकांनी, दहा वर्षे अभ्यास करून. आपल्या संस्थेच्या थोर माणसाचे मत चुकले, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. सलीम अलींनीच त्यांना शिकवले होते, की आधी डोळ्यांनी पाहा, मग बोला. मोठ्या माणसाचा आदर करणे म्हणजे त्याची चूक झाकणे नव्हे. रान आणि पाणी वाचवताना त्यावर जगणाऱ्या माणसाचाही विचार केला पाहिजे, हा धडा भरतपूरने दिला.

सलीम अलींच्या स्वभावाची एक गंमत सांगतो. त्यांना मोटारसायकलचे भारी वेड! १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षितज्ज्ञांची जागतिक परिषद भरली. सलीम अलींनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीने युरोपात नेली आणि तीवर बसून ते परिषदेला पोहोचले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ. अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी तो लिहिला. १९६८ ते १९७४ या काळात त्याचे खंड प्रसिद्ध झाले. शेवटचा खंड निघाला तेव्हा ते सत्तरीच्या पुढे गेले होते. सरकारने १९५८ साली त्यांना पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण देऊन गौरवले. त्याच सुमारास त्यांना एक मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. त्याची रक्कम पन्नास हजार डॉलर होती. एके काळी बेकार फिरलेल्या या माणसाने त्यातला बहुतेक पैसा सोसायटीच्या कामासाठी देऊन टाकला. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.

आपल्या वऱ्हाडाशी जोडलेली एक हकिकत सांगून हा पाठ संपवतो. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८८४ नंतर ते कोणाला खात्रीने दिसले नव्हते. सलीम अली आणि रिप्ले यांनीही ते शोधले, पण सापडले नाही. पक्षी जगातून नाहीसा झाला, असे बहुतेकांना वाटू लागले. पण शोध थांबला नाही. सलीम अलींच्या निधनानंतर दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, खानदेशात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. पुढे आपल्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही तो आढळला. ज्याला जग हरवलेला समजत होते, तो पक्षी आपल्या शेजारच्या सागाच्या रानात शांतपणे बसून होता! एका माणसाला जे साधले नाही, ते त्याच्या मागून येणाऱ्यांना साधले. ज्ञानाचे काम असेच चालते.

वऱ्हाडातील पाण्याचेही तसेच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे नाव २०२० साली रामसर यादीत आले. काटेपूर्णेच्या जलाशयाभोवती १९८८ पासून अभयारण्य आहे. पण गावोगावचे लहान तलाव कोणत्याही यादीत नाहीत. कोठे त्यांत कचरा पडतो, कोठे गणवेश घातलेली मुलेच गलोल घेऊन उभी असतात. सलीमच्या हातातही एके काळी बंदूक होती. पण पाडलेल्या चिमणीकडे त्याने नीट पाहिले आणि प्रश्न विचारला. गलोल ठेवून तुम्ही वही आणि पेन्सिल हाती घ्या. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यात रमलेले लेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. या वर्षी त्या आठवड्यात आपल्या जवळच्या तलावावर जरूर जा. परिंदा, पक्षी, पाखरू, नाव कोणतेही घ्या, ओळख मात्र करून घ्या.

स्वाध्याय

१. सलीमने चिमणी मामांकडे का नेली? मामांनी काय केले?
२. सुगरण पक्ष्याची काही घरटी अर्धवट का राहतात?
३. भरतपूरची जागा शेतीला द्यावी, असे शेतकऱ्यांना वाटत होते. सलीम अलींना तसे का वाटत नव्हते? तुमचे मत चार-पाच वाक्यांत लिहा.
४. गुरे चारणे बंद झाल्यावर भरतपूरच्या पाण्यात कोणता बदल झाला?
५. सुर्खाब, बया, परिंदा या उर्दू शब्दांसाठी पाठात आलेले मराठी शब्द शोधून लिहा.
६. उपक्रम : जवळच्या तलावावर सकाळी एक तास शांत बसा. दिसलेल्या पाच पक्ष्यांची नावे, रंग आणि त्यांचे वागणे वहीत लिहा. नाव माहीत नसेल तर पक्ष्याचे चित्र काढून गुरुजींना किंवा बाईंना विचारा.